फाटकापलीकडचा कडा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. त्या देशाची राजधानी असलेले वॉशिंग्टन शहर ते हे नव्हे. ते शहर देशाच्या दुसऱ्या टोकास, अटलांटिक महासागराच्या बाजूला आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग या राज्याच्या पश्चिम भागात हिवाळाभर पाऊस पाडतात आणि उन्हाळा मात्र कोरडा जातो. आपल्याकडील ऋतुमानाच्या हे अगदी उलट होय. या पावसावर तेथे डग्लस फर, हेमलॉक, सीडर इत्यादी वृक्षांची अफाट अरण्ये वाढलेली आहेत.

ऑगस्ट महिन्यातील एका पहाटे या राज्याच्या नैर्ऋत्य भागात, मुख्य रस्त्यापासून आत, एका लोखंडी फाटकापाशी एक मोटार येऊन थांबली. आत चौघे जण होते : पन्नाशी उलटलेला एक सुतार, त्याची मुलगी, मुलीचा एक सहाध्यायी आणि एका शाळेतील शिक्षिका. चौघांनाही प्रस्तरारोहणाचा छंद होता. फाटकावर लाकूड कंपनीची पाटी होती : परवान्यावाचून प्रवेश नाही, विस्तव पेटवू नये, धूम्रपान करू नये, फाटकासमोर वाहन उभे करू नये. सुताराने आपला वार्षिक परवाना मोटारीच्या पुढील काचेशी ठेवला, कुलपाचे आकडे जुळवून फाटक उघडले, मोटार आत घेतली आणि फाटक पुन्हा लावले.

डोंगर आणि कडा हे एखाद्या कंपनीच्या मालकीचे कसे असू शकतात, असा प्रश्न येथे सहज मनात येतो. त्याचे उत्तर आगगाडीच्या इतिहासात आहे. १८६४ साली अमेरिकेच्या सरकारने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीला लोहमार्ग बांधण्याच्या मोबदल्यात त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन देऊ केली. ही जमीन सलग नव्हती. एक चौरस मैलाचे चौकोन आखून त्यांतील एकाआड एक चौकोन कंपनीला मिळाले, म्हणजे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसू लागला. पुढे १९०० साली फ्रेडरिक वायरहॉयझर या लाकडाच्या व्यापाऱ्याने व त्याच्या भागीदारांनी या रेल्वेकडून वॉशिंग्टन राज्यातील नऊ लक्ष एकर अरण्य एकरी सहा डॉलर दराने विकत घेतले. त्या अरण्याबरोबर त्यातील ओढे, डोंगर आणि कडेही अर्थातच विकले गेले. कड्यांना त्या वेळी कोणी किंमत दिली नाही, कारण कड्यावर झाडे वाढत नाहीत.

फाटकाच्या आतील रस्ता खडीचा होता. त्यावरून ओंडक्यांनी भरलेल्या अवजड मालमोटारी धावतात आणि अरुंद वळणावर त्यांना चटकन थांबता येत नाही. म्हणून त्यांचे चालक आपण कितव्या मैलावर आहोत हे बिनतारी यंत्रावरून सांगत असतात. सुताराच्या मुलीच्या हातात तसेच एक यंत्र होते. “सातव्या मैलावर भरलेली गाडी, उतारावर,” असा आवाज आला, तेव्हा सुताराने मोटार एका रुंद जागी कडेला घेतली. क्षणभराने ती प्रचंड गाडी धुळीचा लोट उडवीत निघून गेली. पाहुण्याने यजमानाला वाट द्यावी, हा तेथील रिवाज आहे.

मोटार ठेवून चौघे पायवाटेला लागले. प्रथम एक उघडा उतार लागला. तेथील सर्व झाडे दोन वर्षांपूर्वी सरसकट तोडलेली होती. काळवंडलेल्या बुंध्यांच्या मधून गुडघ्याएवढी रोपे ओळीने लावलेली दिसत होती. प्रथमदर्शनी हे दृश्य उदास वाटते. परंतु हे अरण्य शेतासारखेच पिकवले जाते, हे विसरता येत नाही. १९४१ साली याच राज्यात माँटेसॅनो गावाजवळ सुमारे एक लक्ष वीस हजार एकरांवर ‘क्लेमन्स वृक्षशेती’ सुरू झाली. ‘वृक्षशेती’ हे नाव धारण करणारी त्या देशातील ती पहिलीच. आपल्याकडे ज्वारीचे पीक काही महिन्यांत हाती येते, तर डग्लस फरच्या या पिकाला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागतात. निसर्गतः हा वृक्ष पाचशे वर्षेही जगू शकतो, एवढाच काय तो फरक. आणि तो थोडाथोडका नाही.

उतार संपल्यावर दाट सावली सुरू झाली. येथे काही झाडांच्या बुंध्यांना गुलाबी फिती बांधलेल्या होत्या. सुताराने एका फितीला हात लावला आणि तो काही न बोलता पुढे चालू लागला. तोडीची हद्द अशाच फितींनी आखतात, हे त्याला ठाऊक होते. घरे बांधणे हाच त्याचा व्यवसाय होता.

झाडांच्या मागे कडा उभा होता. काळा, ताठ, आठ-नऊ पुरुष उंच. सह्याद्रीच्या मुलांना हा दगड परका वाटला नसता. तोही बेसॉल्टच. आपल्या दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला. तेथील टेकड्यांच्या पायाचा बेसॉल्ट सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी ओतला गेला.

अशा कड्यावर चढण्याचे तंत्र साधे, पण चोख असते. पूर्वी कोणीतरी वरून दोराने उतरून, खडकात यंत्राने भोके पाडून, काही हातांच्या अंतराने पोलादी बोल्ट बसवलेले असतात. चढणारा बोल्टमध्ये एक पट्टी अडकवतो. तिच्या दोन्ही टोकांना कड्या असतात. वरची कडी बोल्टला आणि खालच्या कडीतून आपला दोर. दोराचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या कंबरपट्ट्यावरील रोधक साधनातून जाते. चढणाऱ्याचा हात सुटला, तर तो शेवटच्या बोल्टखाली तितकाच आणि थोडा अधिक पडतो आणि दोर त्याला झेलतो. चढायचे मात्र हातापायांनीच. बोल्टला किंवा दोराला धरून वर जाणे म्हणजे चढणे नव्हे. दोरावर न लोंबकळता एका दमात माथा गाठला, तरच ती वाट जिंकली असे मानतात.

सुतार एका वाटेवर तीन उन्हाळे झगडत होता. सर्वांत वरच्या बोल्टशेजारी बोटाच्या एका पेराएवढी खाच होती. ती डाव्या हाताने धरून उजवा पाय छातीपर्यंत उचलावा लागे. त्या दिवशी मुलीने दोर सांभाळला. सुतार शांतपणे चढला, खाचेपर्यंत पोहोचला, पाय उचलला आणि घसरला. दोर ताणला गेला. तो हवेत झुलत म्हणाला, “समजले मला. पाय थोडा बाहेर ठेवायला हवा होता.” मुलीने त्याला खाली उतरवले. बोटांतील शक्ती परत येण्यास अर्धा-पाऊण तास विसावा घ्यावा लागतो. तो सावलीत बसला.

खोऱ्यात पहाटेपासून चाललेला करवतींचा आवाज दुपारी एक वाजता थांबला. वणव्याचा धोका वाढला की दुपारनंतर करवती चालवण्यास बंदी असते. म्हणून तोडकरी घुबडे घुमत असतानाच कामावर येतात. या पाळीला तेथे ‘घुबडपाळी’ म्हणतात. मात्र त्या दिवशी पाठोपाठ खालच्या रस्त्यावरून भोंगा तीन वेळा वाजला. थोड्या वेळाने कंपनीचा गस्तवाला घाम पुसत वर आला.

“वारा पूर्वेकडून सुटणार आहे,” तो म्हणाला. “आजपासून अरण्य सर्वांना बंद. आपण निघावे.”

समुद्रावरून येणारा वारा दमट असतो. पर्वत ओलांडून येणारा पूर्वेचा वारा कोरडा असतो. सप्टेंबर १९०२ मध्ये याच वाऱ्याने राज्याच्या दक्षिण भागात याकोल्टचा वणवा भडकवला. सुमारे दोन लक्ष एकोणचाळीस हजार एकर अरण्य जळाले आणि अडतीस माणसे प्राणास मुकली. तेव्हा या धोक्यापुढे तर्ककुतर्कास जागा नसते. शिवाय येथे कोणाचा हक्क नव्हता. जमीनमालकाने मोबदला न घेता लोकांना विहारासाठी येऊ दिले, तर अपघाताचा दावा त्याच्यावर सहसा लागू नये, असा कायदा या राज्याने १९६७ साली केला. परंतु येऊ द्यावेच, अशी सक्ती कायदा करीत नाही. अलीकडे काही कंपन्या परवान्याचे शुल्कही घेऊ लागल्या आहेत. एका गिर्यारोहकाने टाकलेली सिगारेट सर्वांसाठी फाटक कायमचे बंद करू शकते.

मुलीने वडिलांकडे पाहिले. “बाबा, एकच प्रयत्न? दहा मिनिटे लागतील.”

गस्तवाला ऐकत होता. तो काही बोलला नाही. कदाचित त्याने दहा मिनिटे दिलीही असती.

“त्यांना अजून दुसऱ्या कड्यावरच्या लोकांना गाठायचे आहे,” सुतार म्हणाला आणि बुटांचे बंद सोडू लागला. वाटेवर अडकवलेल्या पट्ट्या काढून आणण्यासाठी शिक्षिका वर चढली. बाकीच्यांनी दोर गुंडाळला.

फाटकाशी गस्तवाल्याने त्यांची मोटार बाहेर जाऊ दिली आणि नवे कुलूप लावले. सुतार खाली उतरून त्याच्यापाशी गेला. “वाटेवर गुलाबी फिती आहेत,” तो म्हणाला.

“वसंत ऋतूत तोड आहे,” गस्तवाल्याने सांगितले. “कड्यासमोरची सावली जाईल. उन्हात दगड तापेल.”

सुताराने मान डोलावली. सोमवारी त्याला एका घराचे छप्पर चढवायचे होते आणि त्यासाठी मागवलेले वासे डग्लस फरचेच होते.