गच्चीवरच्या टोमॅटोंचं आता काय करशील?

वैशू, आधी ते टोमॅटो फ्रिजमधून बाहेर काढ. तुझ्या फोटोत मागे भाजीच्या कप्प्यात दिसले मला. बारा अंशांखालच्या थंडीत राहिले की टोमॅटोचा वास जातो, आणि चेरी टोमॅटोत वास गेल्यावर उरतं काय? ओट्यावर, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात, टोपलीत एका थरात पसरून ठेव. ढीग करू नकोस. खालचे दबतात आणि एक सडला की शेजारच्यांनाही लावतो. अगदीच मऊ पडायला आले आणि आज वापरणं होणार नसेल तरच फ्रिज. मग खायच्या तासभर आधी बाहेर काढायचे.

आता तुझी तक्रार. रोज वाटी-दीड वाटी निघतात आणि आमटीत घालून घालून सगळ्यांना वीट आलाय. येणारच गं! आमटीला आणि रश्श्याला तुझ्या नाशकात टोमॅटो कमी आहेत का? तिकडे पिंपळगाव बसवंतला जाळ्याच्या जाळ्या भरून ट्रक निघतात. त्या टोमॅटोला लांबचा प्रवास सोसायचा असतो, म्हणून तो घट्ट आणि गरदार. रश्श्याला अंग येतं ते त्या गरानं. तुझ्या चेरी टोमॅटोला गच्चीतून स्वयंपाकघरात उतरायचं, एवढाच प्रवास. त्याच्यात गर कमी, रस जास्त, आणि आकाराच्या मानानं साल फार. आमटीत अर्धा तास उकळलास की गोडवा पाण्यात जातो आणि सालीच्या सुरळ्या वर तरंगतात. मग सासूबाई त्या वेचून ताटाच्या कडेला लावत बसतात, तू म्हणतेस तशा. त्यांचं काही चुकत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हा टोमॅटो कच्चा खा, नाहीतर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, नाहीतर मंद आचेवर तास न् तास. मधलं काही करू नकोस.

कच्च्यात माझी आवडती कोशिंबीर. प्रत्येकाचे दोन भाग, दाण्याचं कूट, कोथिंबीर, आणि वरून हिंग-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. दही नको, साखर तर नकोच, ती त्याच्यात असतेच. मीठ मात्र पान वाढताना घाल, आधी घातलंस तर वाटीत नुसतं पाणी. आणि हे ऐक, गंमत नाही: चिनूला अख्खा टोमॅटो हातात देऊ नकोस. गोल, गुळगुळीत, बरोबर घशात अडकेल असा आकार आहे तो. पाच वर्षांची होईपर्यंत उभे चार तुकडे करूनच दे. तिला झाडावरून तोडायला आवडतं ना, तर तोडू दे, पण 'आई चिरून देईल' हा नियम पक्का ठेव.

आता मोठ्या आचेचं. भाकरीबरोबर याच्यासारखं तोंडी लावणं नाही, म्हणून नीट सांगते. टोमॅटो धुऊन अगदी कोरडे पुसून घे. ओले राहिले तर तेल हातावर उडेल. प्रत्येकाला सुरीच्या टोकानं एक टोचा मार. कढई स्टीलची, जाड बुडाची घे. लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमची नको, आंबटाला धातूची चव लागते. दोन चमचे शेंगदाण्याचं तेल चांगलं तापलं की मोहरी, मग ठेचलेला लसूण, आणि लसूण तांबूस व्हायच्या आत टोमॅटो. उलथनं बाजूला ठेव आणि कढईच हलव. आधी ते नुसते घरंगळतात. मग साल सुरकुतायला लागते, कुठे कुठे काळपट डाग पडतो, आणि एखादा फुटून रस तेलात पडला की चर्र आवाज येतो. तेव्हा अर्धवट झाकण ठेव. निम्मे फुटले, निम्मे फुगून अख्खे आहेत, तिथे गॅस बंद. मीठ आणि चिमूटभर लाल तिखट, बस्स. कांदा घालायचा मोह होईल तुला. घालू नकोस, मग ती चारचौघींसारखी भाजी होते. हेच पिठल्यावर घाल, खिचडीवर घाल. शिवाय टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनचा, ते शिजवून तेलाबरोबर खाल्लं की अंगी जास्त लागतं. त्यामुळे दोन चमचे तेलाला कुणी नाक मुरडलं तर उत्तर तयार आहे.

मंद आचेचं काम रविवारचं. ओटीजी आहे ना तुझ्याकडे? अर्धे करून कापलेली बाजू वर ठेवायची, मीठ, थोडं तेल, आणि एकशेदहा ते एकशेवीस अंशांवर अडीच-तीन तास. मनुकांसारखे आकसतात आणि सगळी चव एकवटते. उन्हातही होतात, पण ऊन फेब्रुवारी-मार्चचं कडकडीत हवं. वर मलमलचं फडकं बांध आणि संध्याकाळी घरात घे, नाहीतर दवानं बुरशी धरते. एक मात्र बजावून सांगते. हे टोमॅटो लसणीबरोबर तेलात बुडवून बरणी ओट्यावर मिरवायची, असं व्हिडिओत दाखवतात. तसलं करू नकोस. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे बोटुलिझमचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं विष वासानं किंवा चवीनं कळत नाही. तेलात घातलेच तर फ्रिजमध्ये ठेव आणि चार दिवसांत संपव.

तडकलेल्या टोमॅटोंबद्दल विचारलं होतंस. कीड नाही ती. दोन दिवस कुंडी सुकू दिलीस आणि मग भसाभस पाणी घातलंस, की आतला रस फुगतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही. रोज सकाळी बेताचं पाणी घाल, माती पालापाचोळ्यानं झाक. तडकलेले त्याच दिवशी वापरायचे, उद्यावर टाकलेस तर भेगेत बुरशी. मी त्यांचं सार करते. उकडायचे, मिक्सरमधून काढून गाळायचे. साली आणि बिया गाळणीतच राहतात, म्हणून सासूबाईही खूश. नारळाचं दूध घालणार असशील तर सगळ्यात शेवटी आणि नंतर उकळी नको, फाटतं. मग वरून तुपाची जिऱ्याची फोडणी.

प्रवासाला जायचं असलं की सरळ फ्रीझर. कोरडे पुसून ताटलीत सुटे गोठव, मग पिशवीत भर. बाहेर काढल्यावर लगदा होतो, म्हणून कोशिंबिरीला चालत नाहीत. पण गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल आपोआप सुटते, सार-चटणीला ते सोयीचंच.

एप्रिलात झाड थकेल. दिवसाचं ऊन पस्तिशीपुढे गेलं की फुलं गळतात, नवी फळं धरत नाहीत. तेव्हा वेल ओढून काढ, पण हिरवे टोमॅटो वेगळे कर. ज्यांच्या बुडाशी पिवळट छटा आलीय ते केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवलेस तर पिकतील. बाकीचे हिरवेकच्च, त्यांची तव्यावर मिरची-लसणीबरोबर चटका देऊन, भाजलेले तीळ घालून भरड चटणी कर. पिकल्या टोमॅटोपेक्षा ही चटणी मला जास्त आवडते, खरं सांगते.

बी धरणार असशील तर पाकीट शोध. त्यावर संकरित किंवा एफ-१ लिहिलं असेल तर नाद सोड, पुढच्या वर्षी असेच गोड येतील याचा भरवसा नाही. साधं वाण असेल तर वेलीवरचे सगळ्यात गोड दोन-तीन टोमॅटो पूर्ण पिकू दे. बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबव, वर फेस येईल, वासाला घाबरू नकोस. धुऊन ताटलीवर सावलीत वाळव. कागदावर नको, चिकटून बसतात. आणि त्यातल्या थोड्या पुडीत बांधून माझ्यासाठी ठेव, गणपतीला आलीस की घेऊन ये.