जुन्या घरात नवा मुक्काम : फ्लॉरेन्स शहराच्या अनुभवाचा धडा

जुनी वास्तू पावसापेक्षा रिकामेपणाने अधिक लवकर ढासळते. राहत्या घरात कौल सरकले की त्याच दिवशी ते लक्षात येते. बंद घरात मात्र त्याच फटीतून पाणी झिरपत राहते, तुळईचे टोक कुजते, वाळवी लागते आणि एके दिवशी भिंतच खाली येते. म्हणून ऐतिहासिक घरांच्या जतनाचा विचार करताना दोन प्रश्न अटळ ठरतात : या घरात राहणार कोण, आणि त्याच्या देखभालीचा खर्च सोसणार कोण? प्रत्येक जुन्या घराचे वस्तुसंग्रहालय करणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही. अशा घरात प्रवाशांना काही दिवस भाड्याने राहू देणे हा एक मार्ग अनेक देशांत अवलंबिला गेला आहे. त्याचे गुण आणि धोके हे दोन्ही इटलीतील फ्लॉरेन्स या एकाच शहरात पाहावयास मिळतात.

कवींचे बिऱ्हाड

फ्लॉरेन्समधील पित्ती राजवाड्याजवळ, सान फेलिचे चौकात, पंधराव्या शतकातील एक हवेली आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरील दालने ‘कासा ग्वीदी’ या नावाने ओळखली जातात. रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हे इंग्रज कविदांपत्य १८४७ मध्ये येथे भाडेकरू म्हणून आले. आरंभी त्यांनी सामानसुमानासह खोल्या घेतल्या होत्या. पुढे रिकामे घर कमी भाड्याने घेऊन त्यांनी ते स्वतः सजविले. आपण परगावी असताना हे सजविलेले घर इतरांना भाड्याने देता येईल, हाही हिशेब त्यामागे होता. १८४९ मध्ये त्यांच्या मुलाचा जन्म या शहरातच झाला. इटलीच्या स्वातंत्र्यचळवळीचे पडसाद ज्यात उमटले, ते एलिझाबेथ यांचे ‘कासा ग्वीदी विंडोज’ हे काव्य १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. २९ जून १८६१ रोजी याच घरात त्यांचे निधन झाले.

पत्नीच्या मृत्यूनंतर घर सोडण्यापूर्वी रॉबर्ट ब्राउनिंग यांनी तेथील दिवाणखान्याचे चित्र एका चित्रकाराकडून काढवून घेतले. खुर्च्या, आरसे, पडदे आणि पुस्तकांची कपाटे जशी होती तशी त्या चित्रात नोंदली गेली. एका शोकाकुल माणसाने आठवणीसाठी जपलेले हे चित्र, शंभराहून अधिक वर्षांनी ती दालने पुन्हा सजविताना अत्यंत उपयुक्त पुरावा ठरले.

व्यवस्था कशी चालते?

विसाव्या शतकात हे घर नाहीसे होण्याची वेळ आली असता ब्राउनिंग यांच्या साहित्याचे अभ्यासक पुढे सरसावले. पुढे या दालनांची मालकी इंग्लंडमधील ईटन कॉलेजकडे आली आणि मुक्कामाची व्यवस्था ‘लँडमार्क ट्रस्ट’ या संस्थेने पाहिली. जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी यांनी १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन केलेल्या या धर्मादाय संस्थेचे सूत्र साधे आहे. पडझडीला आलेली महत्त्वाची वास्तू दुरुस्त करावयाची, ती थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी भाड्याने द्यावयाची आणि ते उत्पन्न देखभालीकडे वळवावयाचे. मूळ दुरुस्तीचा मोठा खर्च मात्र मुख्यतः देणग्या व अनुदाने यांतून उभारावा लागतो. भाड्यामुळे घर टिकते. पडलेले घर केवळ भाड्याच्या आशेवर उभे राहत नाही. हा भेद नियोजन करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या वास्तूंत हॉटेलाचा थाट नसतो. दूरचित्रवाणी संच सहसा ठेवीत नाहीत. त्याऐवजी त्या घराशी संबंधित पुस्तके आणि घराचा इतिहास सांगणारी एक वही ठेवलेली असते. मुक्कामास आलेला मनुष्य स्वतः स्वयंपाक करतो, खिडकी उघडतो, आणि घर कसे वापरले जात होते हे वापरूनच शिकतो. कासा ग्वीदी येथे आणखी एक पथ्य पाळले गेले. वर्षातील काही महिने, ठरावीक दुपारी, ही दालने सर्वसामान्य प्रेक्षकांनाही खुली ठेवण्यात आली. भाडे देणाऱ्या पाहुण्यापुरतेच घर राखून न ठेवता नागरिकांचा त्यावरील हक्क मान्य केला गेला, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे.

नाण्याची दुसरी बाजू

फ्लॉरेन्सच्या जुन्या गाभ्याचा १९८२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रवाशांची संख्या वाढत गेली. वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा दोन-चार रात्रींच्या प्रवाशाकडून अधिक पैसा मिळतो, हे घरमालकांच्या लक्षात आले. परिणामी रहिवाशांसाठी असलेली घरे प्रवाशांच्या खोल्या बनू लागली, आणि शिक्षक, कारागीर, विद्यार्थी यांना शहराच्या मध्यभागी परवडणारे घर मिळणे दुरापास्त झाले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये नगरपरिषदेने ऐतिहासिक भागात अशा नव्या अल्पमुदतीच्या भाड्यास मनाई करण्याचा निर्णय घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दारांबाहेर टांगलेल्या किल्ल्यांच्या पेट्या हटविण्याचे धोरणही जाहीर झाले. पाहुण्याच्या हाती किल्ली देण्यासाठी घरात कोणीही नाही, याचीच ती पेटी साक्ष होती.

एकाच शहरात एका घराला भाड्याच्या मुक्कामाने तारले आणि त्याच व्यवसायाने वस्त्या ओस पडू लागल्या. फरक दिसतो तो उद्देशात, उत्पन्नाच्या विनियोगात आणि प्रमाणात.

आपल्याकडील वाडे

पुणे, नाशिक, वाई येथील वाड्यांच्या संदर्भात या अनुभवाचा विचार अगत्याचा आहे. चौक, ओसरी, माजघर, कडीपाटाची तक्तपोशी आणि दिंडी दरवाजा असलेले हे वाडे झपाट्याने कमी झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मोलाचे संरक्षण दिले; परंतु गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती होईना, आणि वारसांची संख्या वाढल्याने जबाबदारी कोणा एकाची राहिली नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली. तथापि मूळ भाडेच अत्यल्प असल्यास लाकडी तुळई बदलण्याइतका पैसा त्यातून उभा राहणे कठीण असते.

अशा वाड्यातील एखादा सोपा किंवा दिवाणखाना प्रवाशांसाठी राखल्यास उत्पन्नाची सोय होऊ शकते. मात्र काही पथ्ये आवश्यक आहेत. घरमालकाचे कुटुंब त्याच वास्तूत राहत असावे. जुन्या भाडेकरूला बाहेर काढून केलेली पर्यटनवृद्धी ही वारसा-जतन म्हणता येणार नाही. मिळणाऱ्या भाड्याचा निश्चित हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशीवर न्हाणीघर बांधण्याचा मोह टाळावा, कारण ओल हा लाकडाचा पहिला शत्रू होय. चुन्याच्या भिंतींना चुन्याचाच गिलावा द्यावा. सिमेंटच्या गिलाव्यामुळे भिंतीतील ओल आत कोंडते. विजेच्या जुन्या तारा बदलणे आणि आगीपासून बचावाची तरतूद करणे यांत तर तडजोड नकोच.

नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींना या कामी पहिले पाऊल खर्चाविना टाकता येईल. आपल्या हद्दीत अशी घरे किती, त्यांत राहते कोण, आणि कोणती बंद पडून आहेत, याची नोंद करणे हे ते पाऊल होय. शाळांतील शिक्षक विद्यार्थ्यांकडून एकेका घराचा आराखडा, छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांकडून कळलेली माहिती यांची वही तयार करून घेऊ शकतील. कासा ग्वीदी पुन्हा उभे करताना एका चित्राने केवढे काम केले, हे पाहता या वहीचे मोल लहान नाही. परवाने देण्याचा प्रश्न त्यानंतरचा. आणि तो सोडविताना दिवेलागणीला त्या घरात घरचे माणूस असेल काय, हा निकष सर्वांत आधी लावला जावा.