वयात येणाऱ्या मुलांचे औदासीन्य व आईबापांचे कर्तव्य

मूल तापाने आजारी पडले म्हणजे घरातील सारी माणसे हातचे काम टाकून त्याच्याकडे पाहतात. पण तेच मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाल्यावर जेवेनासे, बोलेनासे झाले, शाळेचे नाव काढताच अंगावर येऊ लागले, तर त्याला आपण आजारी म्हणत नाही. ‘आळशी झाला’, ‘मोबाईलने बिघडला’, ‘लाडाने वाया गेला’ असे म्हणतो. फार तर मीठ-मिरच्या उतरवून टाकतो. पुष्कळदा हे म्हणणे खरेही असते. परंतु काही वेळा ते खरे नसते, आणि नैराश्याचा, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याचा, आजार आळसाच्या नावाखाली महिनोन् महिने घरात नांदत राहतो. तो ओळखावा कसा व ओळखल्यावर आईबापांनी काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नैराश्य म्हटले की रडवेला चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. कुमारवयात मात्र उदासीच्या जागी पुष्कळदा चिडचिडच दिसते, आणि म्हणूनच फसगत होते. मुलगा उलट उत्तरे देतो, दार आपटतो, धाकट्या भावंडांवर हात उगारतो. बाप त्याला उद्धटपणा समजून कडक होतो आणि मुलगा अधिकच आत जातो. मुलींच्या बाबतीत दुसराच घोटाळा होतो. गप्प बसणारी, खोलीबाहेर न पडणारी मुलगी आपल्याकडे ‘शहाणी झाली’ म्हणून कौतुकास पात्र ठरते. तिचे डोके रोज दुखते, पोटात कळ येते, औषधाने बरे वाटत नाही. आणि तरी कोणाला शंका येत नाही.

म्हणून लक्षणांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट पाहावी: पूर्वीचे मूल आणि आजचे मूल यांत काय फरक पडला? मुळातच अबोल असलेला मुलगा अबोल राहिला तर त्यात विशेष काही नाही. पण क्रिकेटवाचून ज्याला चैन पडत नसे त्याची बॅट कोपऱ्यात धूळ खात पडली, हुशार मुलीच्या वह्या अर्ध्यावरच थांबल्या, मित्र हाक मारून परत जाऊ लागले, तर तो बदल आहे. गोटमारीला न जाणे हे एक वेळ शहाणपणाचेच लक्षण म्हणता येईल. पण आदल्या दिवशी पोळ्याला बैल सजवायलाही जो उठत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यावे. असा बदल दोन आठवडे, बहुतेक रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकला, आणि त्याबरोबर झोप, भूक, अभ्यासातील लक्ष ही बिघडली, तर डॉक्टरांना दाखवण्याची वेळ आली असे समजावे. सकाळी उशिरा उठणे एवढ्यावरून मात्र काही ठरवू नये. या वयात शरीराची झोपेची वेळच पुढे सरकते. रात्री झोपच न लागणे, पहाटे दचकून जागे होणे, किंवा चौदा-चौदा तास पडून राहूनही थकवा न जाणे, ही गोष्ट वेगळी.

हा विचार शहरातील श्रीमंतांचा, आपल्याकडे असे नसते, असे कोणी म्हणेल. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती व त्यांत आपले मध्यप्रदेशही होते. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण चारांच्या वर जाते. त्या चौघांना नैराश्यच असते असे नाही. पण नैराश्य त्यांतलेच एक.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मुलांवर एक जादा भारही असतो. घरी वऱ्हाडी मराठी, कागदपत्रे हिंदीत, आणि पुढच्या शिक्षणाला इंग्रजी. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या मुलाला वरच्या वर्गात एकदम भाषा बदलावी लागते, आणि काल वर्गात पहिला असलेला आज मागच्या बाकावर मुकाट बसतो. त्यात संत्र्याचा बहार गळाला, कापसाला भाव मिळाला नाही, की घरातले बोलणे मुलाच्या कानावर पडतेच. आपल्या फीमुळे हे घर बुडते आहे, असे त्याला वाटू लागते. आजार एवढ्यानेच होतो असे नाही. काही मुलांची घडण व घराण्यातील वारसाही त्यात असतो. पण आधीच वाकलेल्या फांदीवर हे ओझे पडते.

आता बोलावे कसे? समोर बसवून, चार माणसांत, ‘काय झाले ते सांग’ असे दरडावून विचारले तर ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. शेतात जाताना गाडीवर, बगिच्यात पाणी देताना, शेंगा सोलताना, जेथे एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही तेथे मुले अधिक बोलतात. बोलीही घरचीच असावी. ‘बाबू, पंधरा दिवस झाले, तू धड जेवत नाही, दोस्तांत जात नाही. तुले काय होते? सांग, मी रागे भरत नाही.’ एवढे म्हणावे आणि मग खरोखरच रागे भरू नये. ‘आमच्या वेळी आम्ही उपाशी शिकलो’ हे वाक्य त्या दिवशी तरी गिळावे. तोडगाही लगेच सांगू नये. मूल गप्प राहिले तरी आपण विचारले हे त्याला कळते; दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.

आणि एक प्रश्न विचारायला आईबापांची जीभ रेटत नाही, तोच विचारला पाहिजे. ‘जगू नये असे तुझ्या मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जात नाही. हे ठिकठिकाणच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट, कोणी तरी विचारले याने त्याला हलके वाटते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे ठेवू नये व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

येथे शेतकरी घरांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. फवारणीचे औषध आपल्याकडे माळ्यावर, पलंगाखाली, बियाण्याशेजारी ठेवलेले असते. ते घराबाहेर, कुलपात ठेवावे आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ असावी. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. निराशेची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळेत हाताशी विष नसले तर मूल वाचते. घरात असा प्रसंग होऊन गेला असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, तसा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावयाचे, त्याला शिक्षा करावयाची नाही, असे ठरवले आहे.

मदत मिळते का? आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, ३० खेड्यांत, गोव्याच्या ‘संगथ’ या संस्थेने ‘विश्राम’ नावाचे काम केले. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन नैराश्याची माहिती देत, ऐकून घेत व गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवत. काम मोठ्या माणसांपुरते होते. पूर्वी नैराश्य असलेल्या शंभरांतील चार जणच मदत घेत. दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे अमरावतीकडची आपल्यासारखीच माणसे, योग्य रीतीने सांगितले तर, पुढे येतात. गोव्यात याच संस्थेने जी बोलण्याची उपचारपद्धती वापरली तिचे सूत्र घरीही उपयोगी आहे: मन होईल तेव्हा करू म्हणून थांबू नये, लहानसे काम आधी करावे, मन मागून येते. मुलाला एकदम ‘अभ्यासाला बस’ न म्हणता, संध्याकाळी सोबत दुकानापर्यंत चालत न्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यावे.

डॉक्टरांकडे नेल्यावर रक्त तपासून घ्यावे, कारण पंडुरोग व थायरॉईडचा विकार यांतही अशीच मरगळ येते. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुलावर अधिकच लक्ष ठेवावे, आणि बरे वाटताच मनाने गोळ्या बंद करू नयेत. जामसावळीच्या हनुमंताला नवस बोलायचा तर खुशाल बोलावा. फक्त त्यापायी डॉक्टरांची तारीख चुकवू नये. नागपूर जवळ आहे, तेथे मराठीतून बोलता येते. छिंदवाड्यालाही २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाणे लगेच होत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लावता येतो, आणि आपली भाषा निवडता येते. आईबापांनीही तेथे सल्ला विचारावा.

शाळेत वर्गशिक्षकांना किंवा हेडमास्तरांना भेटून खरे ते सांगावे. ‘पोट दुखत होते’ अशा चिठ्ठ्या किती दिवस द्यायच्या? परीक्षा तोंडावर असली तरी उपचार पुढे ढकलू नये. मध्यप्रदेश बोर्डाने २०२५ पासून दहावी-बारावीची दुसरी परीक्षा त्याच उन्हाळ्यात ठेवली आहे, हे मुलाला निकालानंतर नव्हे, आधीच सांगून ठेवावे.