कॅमेरा घेण्याआधी

विटा, जि. सांगली

चि. बाळास,

तुझा निरोप आणि मोबाइलवर पाठवलेले फोटो मिळाले. पगारातून साठवलेले पैसे कॅमेऱ्यात घालू का, असं विचारलंस. नुसतं ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणून भागणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

हवामहाल, आमेरचा किल्ला, जलमहाल, सगळे फोटो नीटनेटके आहेत. पण जयपूरला जाणारा प्रत्येक जण ते काढतो. माझी नजर खिळली ती तुझ्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका फोटोवर. संगमरवराच्या कारखान्यातला कारागीर पाळी संपवून नळावर तोंड धुतोय. गालांवरून पाणी ओघळतंय, पण पापण्यांना दगडाची पांढरी पूड अजून चिकटलेली आहे. मागे ओल्या लाद्या उभ्या रचल्या आहेत. तो फोटो काढावा असं तुला का वाटलं, ते आधी स्वतःला विचार. कॅमेऱ्याचं नंतर बघू.

माणूस या छंदाकडे का वळतो, याची दोन उत्तरं तुझ्या जयपुरातच आहेत. पहिलं सवाई रामसिंह दुसरे यांचं. 1876 साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहर गुलाबी रंगवणारा राजा म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतात. पण ते स्वतः छायाचित्रकार होते. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायची. पदरी एवढी माणसं असताना राजाला हा खटाटोप स्वतः करावासा वाटला, यातच त्यांची ओढ कळते. बाहेरच्या छायाचित्रकाराला जिथे प्रवेश नव्हता, त्या जनान्यातल्या स्त्रियांची छायाचित्रं त्यांनी काढली. म्हणून तो संग्रह आज अनमोल ठरला आहे.

दुसरं उत्तर रघुवीर सिंह यांचं. 1942 साली जयपुरात जन्मलेल्या या माणसाला शाळकरी वयात घरातच एक पुस्तक सापडलं. त्यात फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपलेलं जयपूर होतं. पुढे चहाच्या व्यवसायात शिरण्यासाठी ते कलकत्त्याला गेले, ते जमलं नाही आणि कॅमेरा हाती आला. 1966 साली ब्रेसाँ जयपुरात आले, तेव्हा त्यांचं काम जवळून बघायला मिळालं. पण रघुवीर सिंहांनी गुरूची नक्कल केली नाही. ब्रेसाँ कृष्णधवल फोटोंसाठी गाजले, यांनी मात्र रंगीत फिल्मवर हिंदुस्थान उभा केला. स्फूर्ती दुसऱ्याकडून घ्यावी, नजर मात्र आपलीच ठेवावी.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर सुधारक ओलवे यांचं काम बघ. मुंबईच्या सफाई कामगारांचं जिणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोज डोळ्यांसमोर असूनही ज्यांच्याकडे कोणी बघत नाही, त्यांच्याकडे बघायला त्यांनी आपल्याला भाग पाडलं.

कुणाला कुतूहलाने ओढलं, कुणाला पुस्तकाने, कुणाला दुसऱ्याच्या कष्टाने. यंत्राच्या मोहाने यांतला कोणीच घडला नाही. तूसुद्धा अशा जागी आहेस जिथे बाहेरचा छायाचित्रकार सहसा फिरकत नाही. सीकर रोडवरचे ते कारखाने, पाळी सुटल्यावर थडीवर, म्हणजे आपल्या टपरीवर, चहाला जमणारी माणसं, गावाकडे पैसे पाठवणारे तुझे सोबती, हे सगळं तुला आतून माहीत आहे. तुझा विषय तोच.

मात्र एक फरक लक्षात ठेव. राजाला कोण नाही म्हणणार? तुला मात्र प्रत्येकाला विचारलंच पाहिजे. दमलेल्या माणसाच्या तोंडावर न विचारता कॅमेरा रोखणं हा त्याचा अपमान आहे. नाही म्हणाला तर राग न धरता मोबाइल खिशात ठेव. मालकाची परवानगी घे. चालू करवतीजवळ फोटोच्या नादात कधीही जाऊ नकोस.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की कॅमेरा आत्ता घेऊ नकोस. वर्षभर मोबाइलवरच काढ, पण एकाच कारखान्याचे, त्याच माणसांचे. उन्हाळ्यातला आणि थंडीतला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर कसा पडतो ते ओळखायला शीक. वर्षाने ही ओढ टिकली असेल तर चांगला जुना कॅमेरा बघ. निम्मे पैसे मी देईन.

तोवर एका रविवारी सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जा, रामसिंहांचं काम निवांत बघ. आणि त्याआधी त्या नळावरच्या कारागिराच्या फोटोची छापील प्रत काढून त्याच्या हातात दे. त्याच्या परवानगीशिवाय तो फोटो आणखी कुणालाही पाठवू नकोस.

तुझी,
आत्या