जुन्या माउंटन सायकलीला नवे अवयव

डोंगरवाटांवर चालविण्याची सायकल हे यंत्र वयाने फारसे जुने नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथील टॅमलपायस डोंगराच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण श्विन कंपनीच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या जाडजूड सायकली घेऊन कच्च्या वाटांनी खाली येत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावानजीक त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे तीन किलोमीटरांच्या वाटेवर चारशे मीटरांची उतरण होती. ब्रेक मागच्या हबमध्येच असे व पेडल उलट दाबले म्हणजे लागे. तो इतका तापे की आतील वंगण जळून त्याचा धूर होई, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे वंगण भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेला 'रिपॅक' हे नाव पडले.

या मंडळींनी जुन्या चौकटींना गिअर, ड्रम-ब्रेक आणि मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी जोडल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची चौकट तयार केली, आणि १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली सायकल बाजारात आली. सारांश, जुन्या चौकटीला नवे अवयव जोडण्याच्या खटपटीतूनच ही सायकल जन्मास आली आहे. आज त्या पहिल्या पिढीतील पोलादी सायकली पुन्हा चालत्या करताना तीच खटपट नव्याने करावी लागते; आणि उतारावर वेगात असताना एखादा अवयव दगा देता कामा नये, म्हणून ती विचारपूर्वक करावी लागते.

प्रथम चौकट तपासावी. पुढची नळी जेथे तिरप्या खालच्या नळीला मिळते, त्या सांध्यामागे खालच्या बाजूस बोट फिरवून पाहावे. तेथे रंगाला सुरकुती किंवा पत्र्याला किंचित फुगवटा आढळला, तर ती सायकल कधीतरी समोरून आदळली आहे असे समजावे. अशी चौकट भिंतीवर टांगण्यास चांगली, बसण्यास नव्हे. बैठकीची दांडी पुष्कळदा नळीत घट्ट अडकलेली असते. दांडी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची, आणि मध्ये खारट ओल; हे तीन पदार्थ एकत्र आले की लहानसा विद्युत्घट तयार होतो व ॲल्युमिनियम झिजून त्याचा क्षार फुगतो. झिरपणारे तेल सोडून एकदोन दिवस थांबावे. हातोड्याने घाई केल्यास नळीच वाकते.

यानंतर मागच्या चाकाचा प्रश्न येतो. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील चौकटींत मागच्या दोन पकडींमधील अंतर बहुधा १२६ किंवा १३० मिलिमीटर असे. पुढे ते १३५ मिलिमीटर झाले, आणि त्या मापाचे हब आजही मिळतात. अलीकडील १४८ मिलिमीटरांचे जाड धुरीचे हब मात्र जुन्या चौकटीत बसत नाहीत. १३० ची चौकट १३५ करावयाची म्हणजे प्रत्येक बाजू अडीच मिलिमीटर बाहेर न्यावयाची. पोलाद थोडे ताणले तर सोडताच परत येते. ही त्याची स्थितिस्थापकता होय. म्हणून ते मर्यादेच्या किंचित पलीकडे ताणावे लागते, तेव्हाच ते नव्या जागी राहते. काम सावकाश, पुनःपुन्हा मोजून करावे. एका पकडीपासून दोरा निघून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पकडीपर्यंत आणावा, आणि बैठकीच्या नळीपासून दोऱ्याचे दोन्हीकडचे अंतर मोजावे. ते सारखे भरले, तर चाक मध्यावर येईल. त्यानंतर दोन्ही पकडी एकमेकींस समांतर करणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर हा प्रयोग करू नये. ती वाकण्याऐवजी तडकते.

क्रँकच्या धुरीचे जुने कप काढताना अनेक जण फसतात. इंग्रजी मापाच्या चौकटीत उजव्या कपाचे आटे डावे असतात. म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरविल्यास सैल होतो. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या डाव्या पेडलचेही आटे असेच उलटे असतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. या मापाचे नवे, बाहेर बेअरिंग असलेले कप सुदैवाने आजही बनतात.

गिअरच्या बाबतीत थोडे गणित करावे. समजा, जुन्या सायकलीला पुढे २८, ३८ व ४८ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १३ ते ३० दात्यांची चक्रे आहेत. चाकाचा परीघ २.०७ मीटर धरला, तर क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल कमीत कमी १.९३ आणि जास्तीत जास्त ७.६४ मीटर पुढे जाते. नव्या रचनेत पुढे ३२ दात्यांचे एकच चक्र व मागे ११ ते ४२ दाते घेतल्यास हे आकडे १.५८ व ६.०२ होतात. सपाट रस्त्यावरचा वेग गेला, परंतु चढ सोपा झाला. डोंगरासाठी हा सौदा फायद्याचा आहे, असे आमचे मत आहे.

ब्रेकविषयी मात्र मतभेदास जागा नाही. जुने ब्रेक कँटिलिव्हर जातीचे असतात. १९९६ च्या सुमारास आलेल्या 'व्ही' जातीच्या ब्रेकचे हात लांब असतात. त्यांस तार अधिक लांब खेचावी लागते, म्हणून त्यांची मूठही वेगळी असते. जुनी मूठ व नवा ब्रेक अशी जोडी केली, तर ब्रेक पुरता लागण्यापूर्वीच मूठ हँडलला टेकते. उलट नवी मूठ व जुना ब्रेक जोडल्यास मूठ घट्ट लागते, पण सायकल थांबत नाही. आणि हा धोका अधिक फसवा आहे, कारण हाताला सर्व ठीक वाटते. मूठ व ब्रेक नेहमी एकाच जातीचे घ्यावेत. रिमच्या बाजूला सरळपट्टी लावून पाहावी. बाजू खोलगट झाली असल्यास रिम बदलावी. नवी रिमही ५५९ मिलिमीटर व्यासाचीच हवी. ५८४ च्या रिमची त्रिज्या साडेबारा मिलिमीटर अधिक असते, आणि ब्रेकचे गट्टे सहसा तेवढे वर सरकत नाहीत.

पुढचा चिमटा बदलून धक्के शोषणारा बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो जुन्यापेक्षा ४० मिलिमीटर उंच असेल आणि दोन चाकांतील अंतर १०५० मिलिमीटर असेल, तर सायकल सुमारे २.२ अंशांनी मागे कलते. हँडल जड व संथ होते, आणि ज्या सांध्याची आपण आरंभी तपासणी केली, त्यावरच अधिक ताण येतो. डिस्क-ब्रेकसाठी जुन्या चिमट्यावर कान वितळजोड करून घेणे तर त्याहूनही घातक. त्याची एक बारीक नळी असा एकतर्फी जोर सहन करण्यासाठी घडविलेलीच नसते. मूळचा ताठ चिमटा ठेवून रुंद टायर कमी हवेवर चालविणे, हाच उपाय आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

जोडणी पुरी झाल्यावर सपाट जागी, हळू वेगात, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावेत. नव्या तारा व आरे पहिल्या काही फेऱ्यांत आपली जागा घेतात आणि थोडे सैल पडतात. म्हणून सुमारे पन्नास किलोमीटर चालविल्यानंतर तारांचा ताण, आऱ्यांचा ताण व क्रँकचे बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि मगच सायकल डोंगराच्या वाटेस लावावी.