सामाईक लायब्ररीची नवी आवृत्ती

जबलपूर येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. गाड्याचा एखादा भाग झिजल्यास त्याच मापाचा नवा भाग तेथे बसविता येतो. माप चुकल्यास तो निरुपयोगी ठरतो. संगणकाचेही असेच आहे. काही ठराविक कामांसाठी अनेक प्रोग्राम एकाच सामाईक लायब्ररीवर विसंबतात. साहजिकच तिच्यातील दोष सर्वांना बाधतो.

एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्या व परवलीचे शब्द त्यायोगे परक्यांस वाचता येत. १.०.१-जी या आवृत्तीत तो दूर झाला. जोडणीचे माप न बदलल्याने जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवणे सोपे होते. तथापि चालू असलेला प्रोग्राम स्मृतीत आधीच घेतलेली जुनी प्रतच वापरीत राहतो. तो थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. नेमके हेच विसरण्याचा संभव फार! ज्या प्रोग्रामांनी लायब्ररी स्वतःच्या पोटातच सामावून घेतली होती, ते तर नव्याने बांधणे भाग होते.

२०१६ मधील १.१.० या आवृत्तीत मात्र जोडणीचे मापच बदलले. तेव्हा जुने प्रोग्राम नव्या मापास जुळवून घेईपर्यंत दोन्ही लायब्रऱ्या निराळ्या नावांनी शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या.