व्हील विकण्याआधी माप घ्या: पिकअपच्या व्हीलचे ५ आकडे

टायर-व्हीलचं दुकान टाकायचा विचार करताय? मग आजचा धडा तुमच्यासाठी. मापं कशी घ्यायची ते व्हिडिओत दाखवलंय. इथे आकड्यांसकट लिहून देतोय, वहीत उतरवून घ्या.

आधी धंद्याचं गणित. समजा, चार अलॉय व्हीलचा सेट तुम्हाला ५४,००० रुपयांना पडला आणि तुम्ही तो ६०,००० ला विकला. सुटले ६,०००. आता एक सेट बसलाच नाही, आणि टायर चढवून झालेत म्हणून सप्लायर परत घेईना. ५४,००० अडकले. म्हणजे नऊ सेटची कमाई एका सेटमध्ये गेली! ग्राहक डिझाइन बघणार. माप बघणं तुमचं काम.

उदाहरणाला टोयोटा हायलक्स पिकअप घेऊ.

१. पीसीडी: हायलक्सचं ६×१३९.७. म्हणजे सहा स्टड, आणि त्यांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिमी. सहा स्टड असले की समोरासमोरच्या दोन स्टडचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. पाच स्टडच्या गाडीत समोरासमोर स्टड येत नाहीत, तिथे गेज लागतं.

२. सेंटर बोअर: नवखे इथेच फसतात. फोर्ड एंडेव्हरचं पीसीडीसुद्धा ६×१३९.७. पण तिच्या मूळ व्हीलचं मधलं भोक ९३.१ मिमी, आणि हायलक्सला लागतं १०६.१. स्टड जुळतात, तरी व्हील हबवर जात नाही. भोक मोठं असेल, तर योग्य मापाची हब रिंग घाला.

३. ऑफसेट: हबला टेकणारी बाजू व्हीलच्या मध्यरेषेपासून किती मिमीवर आहे, तो हा आकडा. व्हीलवर 'ईटी' लिहून कोरलेला असतो. समजा, जुनं व्हील ७.५ इंच रुंद, ईटी ३०, आणि नवं ९ इंच, ईटी ०. रुंदी वाढली दीड इंच, तिचा अर्धा भाग म्हणजे १९ मिमी बाहेर. त्यात ऑफसेटचे ३०. एकूण ४९ मिमी! व्हील मडगार्डच्या बाहेर येणार, दारांवर चिखल उडणार, बेअरिंगवर ताण पडणार.

४. टायरसकट उंची: हायलक्सला २६५/६५ आर१७ आणि २६५/६० आर१८ असे दोन्ही टायर येतात. उंची ७७६ आणि ७७५ मिमी, म्हणजे जवळपास सारखीच. रिम एक इंचाने वाढला, पण टायरची भिंत तेवढी कमी झाली. आता १८ इंची रिमवर २६५/६५ चढवलात, तर उंची ८०२ मिमी होते. टायर घासू शकतो, आणि मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ च्या वेगात असेल.

५. भारक्षमता: पिकअप माल वाहते, हे विसरू नका. मागच्या अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त १,६०० किलो येत असतील, तर प्रत्येक व्हील किमान ८०० किलोचं हवं. आकडा व्हीलवर कोरलेला असतो. तो नसेल, आयएसआय चिन्ह नसेल, तर स्वस्त मिळालं तरी ते व्हील घेऊ नका.

आता नट. टोयोटाच्या मूळ अलॉय व्हीलचे नट सपाट वॉशरचे असतात. बाहेरच्या बऱ्याच व्हीलना निमुळते नट लागतात. जुनेच नट लावलेत तर ते नीट टेकत नाहीत, सैल होतात. व्हील निखळण्याची भीती इथे आहे.

कायदाही माहीत हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते. ग्राहकाला हे आधीच सांगा. एखादं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, दुकानाचं नाव राहील.

दुकानातली पद्धत अशी ठेवा:

- ऑर्डर घेण्याआधी पाचही आकडे जॉब कार्डवर लिहा, ग्राहकाची सही घ्या.
- माल आला की टायर न चढवता एक व्हील पुढे आणि एक मागे लावून बघा. हाताने फिरवा, ब्रेक कॅलिपरला लागतंय का पाहा.
- मगच टायर चढवा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघा.
- नट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याप्रमाणे आवळा. १०० किमीच्या आत ग्राहकाला पुन्हा बोलावून तपासा, पैसे न घेता.

या फुकटच्या तपासणीत ग्राहक दुसऱ्यांदा तुमच्या दारात येतो. तिथूनच पुढचं काम मिळतं.

गृहपाठ: ओळखीच्या एका पिकअपचे पाचही आकडे स्वतः मोजा आणि लिहून काढा. दहा गाड्या मोजल्यात की दुकान उघडायच्या आधीच तुमची वही तयार! भेटू पुढच्या धड्यात.